मिनिट्स बुकातली पंचवीस वर्षे

यंदा गणपतीत आरती झाल्यावर स्मरणिका समितीच्या मंडळींनी मला गाठले. "काका, सोसायटीचा इतिहास तुम्हीच लिहा. तुम्ही पहिल्यापासूनचे, शिवाय बँकेतले." पहिल्यापासूनचा आहे हे खरे. चौऱ्याहत्तर पूर्ण झाली आहेत. बँकेत अडतीस वर्षे काढली हेही खरे. पण लेखनाचा अनुभव म्हणाल तर व्हाउचरवर खर्चाचा तपशील लिहिण्यापलीकडे काही नाही. तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

मी त्यांना म्हटलं, "लिहितो, पण मला सगळी मिनिट्स बुकं पाहिजेत." ऑफिसातल्या लोखंडी कपाटातून सहा वह्या निघाल्या. पहिल्या दोन वाळवीच्या तोंडून थोडक्यात वाचलेल्या. आठ दिवस रोज दुपारी त्या वाचत बसलो. आमची सौ. म्हणाली, "कादंबरी असल्यासारखं काय वाचताय?" खरे सांगायचे तर तिला ऐकवावे असे बरेच काही त्यात होते. आणि एका पानावर माझे स्वतःचे नाव होते, ते मात्र मी तिला लगेच वाचून दाखवले नाही. त्याबद्दल पुढे सांगणारच आहे. आधी थोडे मागे जाऊ या, कारण आपली सोसायटी १९९९ साली नोंदली गेली तरी तिची गोष्ट त्याच्या बरीच आधी सुरू होते.

गावदेवी, १९१५

सोसायटी ही आपल्याला इतकी सवयीची गोष्ट झाली आहे की ती कधीतरी कोणीतरी पहिल्यांदा काढली असेल असे वाटतच नाही. इंग्रज सरकारने १९०४ साली सहकाराचा पहिला कायदा केला, तो फक्त पतसंस्थांसाठी. शेतकरी सावकाराच्या तावडीतून सुटावा हा त्यामागचा हेतू. १९१२ साली दुसरा कायदा आला आणि कर्जाशिवाय इतर कामांसाठीही सहकारी संस्था काढण्याची सोय झाली. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९१५ मध्ये, मुंबईत गावदेवीला सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था स्थापन झाली. तेव्हाच्या मुंबई इलाख्यातली ही पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था. तिच्यामागे होते रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी. याच तालमकींनी १९०६ साली आपले गुरू शामराव विठ्ठल कैकिणी यांच्या नावाने पतसंस्था काढली होती. पुढे तिची शामराव विठ्ठल बँक झाली. ताडदेवची तालमकीवाडी त्यांच्याच नावाची.

त्या काळची मुंबई डोळ्यासमोर आणा. १८९६ मध्ये प्लेग आला. दाट वस्त्या मोकळ्या करून शहराला हवा-उजेड मिळावा म्हणून १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने गावदेवी भागात रस्ते आखले, प्लॉट पाडले. पण नोकरीसाठी बाहेरगावाहून आलेला कारकून किंवा मास्तर एकट्याने प्लॉट कसा घेणार? तो चाळीतल्या एका खोलीत बिऱ्हाड थाटून होता. तालमकींनी अशा मंडळींना एकत्र केले. जमीन ट्रस्टकडून भाडेपट्ट्याने घेतली संस्थेने, इमारती बांधल्या संस्थेने, आणि सभासद त्या संस्थेचेच भाडेकरू झाले. म्हणजे प्रत्येक जण घराचा थोडा मालकही आणि थोडा भाडेकरूही.

यात एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. तिथे आधी सोसायटी झाली, मग जमीन आली, मग घरे आली. माणसे एकमेकांना ओळखत होती, हिशेब कसा ठेवायचा हे ठरलेले होते, आणि त्यानंतर पहिली वीट बसली.

आपल्याकडे हा क्रम बरोबर उलटा झाला.

घरे आधी, सोसायटी नंतर

स्वातंत्र्यानंतर मुंबईत आणि उपनगरांत मालकी हक्काच्या फ्लॅटची पद्धत वाढली. बिल्डर जमीन घेणार, इमारत बांधणार, फ्लॅट विकणार आणि सोसायटी शेवटी होणार. त्यात लोकांची फसवणूक होऊ लागली म्हणून राज्य सरकारने १९६३ साली मालकी सदनिकांचा कायदा केला, ज्याला आपण सगळे 'मोफा' म्हणतो. पुरेसे फ्लॅट विकले गेले की बिल्डरने सोसायटीच्या नोंदणीसाठी अर्ज करायचा, आणि करारात वेगळी मुदत नसेल तर सोसायटी झाल्यापासून चार महिन्यांत जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून द्यायची, असे त्या कायद्याने आणि नियमांनी सांगितले. यालाच कन्व्हेयन्स म्हणतात. सोसायट्यांचा कारभार कसा चालावा हे १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याने ठरवले. तो २६ जानेवारी १९६२ पासून लागू झाला.

कायदा होता, पण चार महिन्यांचे चौदा-पंधरा वर्षे कसे होतात हे आपण सर्वांनी अनुभवले आहे.

डोंबिवलीत आपली इमारत १९९७ साली उभी राहिली. दोन विंग, तळमजला आणि वर पाच मजले, दर मजल्यावर चार, असे अठ्ठेचाळीस फ्लॅट. आम्ही राहायला आलो तेव्हा जिन्याला कठडा होता पण रंग नव्हता, लिफ्टला दार होते पण लिफ्ट नव्हती. दोन वर्षे आम्ही एकमेकांना फक्त फ्लॅट नंबरने ओळखत होतो. १९९९ साली सोसायटीची नोंदणी झाली. प्रत्येक सभासदाने दोनशे साठ रुपये भरले. पन्नास रुपयांचे पाच शेअर आणि दहा रुपये प्रवेश फी. अठ्ठेचाळीस जणांचे मिळून बारा हजार चारशे ऐंशी रुपये. पहिल्या मिनिट्स बुकाच्या दुसऱ्या पानावर हा आकडा आहे आणि त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत. बँकेतल्या माणसाला दोन रेघा बघून बरे वाटते.

त्या रेघा मारणारे आपले पहिले सेक्रेटरी. नव्या मुलांनी त्यांना पाहिलेले नाही. रेल्वेत पार्सल ऑफिसात नोकरी करून निवृत्त झालेले, ए विंगमध्ये राहणारे. अक्षर मोत्यासारखे. काहीही झाले की फलकावर नोटीस लावायचे म्हणून मुले त्यांना 'नोटीसकाका' म्हणत. "गच्चीवर पापड वाळत घालणाऱ्यांनी पाण्याच्या टाकीचे झाकण उघडे ठेवू नये." "क्रिकेटचा चेंडू तळमजल्याच्या गॅलरीत गेल्यास बेल वाजवून मागावा, कठड्यावर चढू नये." आम्ही मोठी माणसेही हसायचो. आज वाटते, हसणे सोपे होते. नोटीस लिहिणे आणि खाली सही करणे, ते सोपे नव्हते.

भांडणे, पाणी आणि एक रात्र

सोसायटीचा इतिहास म्हणजे मुख्यतः भांडणांचा इतिहास. हे आपल्यातच ठेवू.

पहिले मोठे भांडण २००१ सालचे, लिफ्टचे. तळमजल्यावरचे सभासद म्हणाले, आम्ही लिफ्टने जातच नाही, आम्ही खर्च का द्यायचा? पाचव्या मजल्यावरचे म्हणाले, मग तुमच्या दारासमोरच्या ड्रेनेजचा खर्च आम्ही का द्यायचा? सभा रात्री पावणेबारापर्यंत चालली. शेवटी नोटीसकाकांनी उपविधींची प्रत काढून वाचली. ज्या इमारतीत लिफ्ट आहे त्या इमारतीतल्या सर्व सभासदांनी तिचा खर्च समान द्यायचा, कोणी वापरो वा न वापरो. सेवा शुल्कही सर्वांना सारखेच. मात्र पाणीपट्टी घरातल्या नळांच्या संख्येवर आणि आकारावर, आणि दुरुस्ती निधी बांधकाम खर्चावर, वर्षाला किमान पाऊण टक्का. सिंकिंग फंड पाव टक्का. त्या रात्री अनेकांना पहिल्यांदा कळले की मेंटेनन्सच्या बिलातली प्रत्येक ओळ वेगळ्या हिशेबाने येते. भांडण मिटले नाही, पण थांबले. सोसायटीत एवढे पुरते.

भारनियमनाच्या दिवसांत पंप कधी चालू करायचा हा प्रश्न होता. टाकी भरायला पाऊण तास लागे आणि वीज कधी येईल ते नक्की नसे. बी विंगमधल्या एका वहिनींनी आपण होऊन पंपाची किल्ली घेतली. दोन उन्हाळे त्या पहाटे साडेचारला उठून पंप लावत होत्या. मिनिट्स बुकात त्याबद्दल एकच ओळ आहे: "पंपाबाबत व्यवस्था समाधानकारक."

आणि २६ जुलै २००५. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद झाल्या. मी ठाण्याला अडकलो होतो. दुसऱ्या दिवशी दुपारी रुळांवरून आणि रस्त्याने चालत घरी पोहोचलो तेव्हा आपल्या ए विंगच्या जिन्यात सतरा अनोळखी माणसे बसलेली होती. स्टेशनकडून चालत आलेली, पुढे जायला वाट नसलेली. कमिटीने ऑफिसची खोली बायकांसाठी उघडली होती, आणि घराघरातून पोळ्या गोळा झाल्या होत्या. पुढच्या सभेच्या इतिवृत्तात नोंद आहे: "दि. २६ व २७ जुलै, चहा, साखर, मेणबत्त्या, रु. ३१२. खर्चास एकमताने मंजुरी." तीनशे बारा रुपयांना कोणी काही विचारले नाही. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण त्याच्या दोन वर्षे आधी अकराशे चाळीस रुपयांना मी विचारले होते.

विषय क्रमांक चार

रविवार, ३ ऑगस्ट २००३. तेव्हा वार्षिक सर्वसाधारण सभा १४ ऑगस्टच्या आत घ्यावी लागे, आता ती मुदत ३० सप्टेंबर आहे. सकाळी साडेनऊची सभा. नेहमीप्रमाणे गणपूर्ती नाही. आपल्याला वीस सभासद लागतात, आले होते तेरा. सभा अर्धा तास तहकूब करून दहा वाजता त्याच जागी सुरू झाली. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते, हे नियम आपल्यासारख्यांना बघूनच केले असावेत.

विषय क्रमांक चार होता हिशेबपत्रकांना मंजुरी. मी तेव्हा नोकरीत होतो, नुकतीच बढती मिळालेली होती आणि शाखेत माझा दरारा होता. खर्चाच्या बाजूला 'झेरॉक्स, किरकोळ, रु. १,१४०' अशी ओळ दिसली. मी उभा राहिलो.

"किरकोळ म्हणजे काय? अकराशे चाळीस रुपये किरकोळ कसे?"

नोटीसकाका म्हणाले, "सभासदांच्या करारनाम्यांच्या प्रती काढल्या. आपल्या दप्तरी असाव्यात म्हणून. कन्व्हेयन्सला लागतील."

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला? ठराव कुठे आहे?"

ठराव नव्हता. ते खरेच होते. नियमाने पाहिले तर माझा मुद्दा बरोबर होता, ऑडिटरनेही तोच काढला असता. पण ऑडिटर ज्या आवाजात बोलला असता, तो माझा आवाज नव्हता. मी आणखीही बोललो. "लोकांचे पैसे आहेत, घरचे नाहीत," असे म्हणालो. मागे कोणीतरी हसले. बारा जण माझ्या बाजूने गेले, कारण रविवारची सकाळ होती आणि कोणालाही विषय वाढवायचा नव्हता.

इतिवृत्त त्यांनाच लिहायचे होते. तिसऱ्या वहीत ते त्यांच्या त्याच मोत्यासारख्या अक्षरात आहे: "सदर खर्चास सभेची मंजुरी नाही. रक्कम सेक्रेटरी यांनी स्वतः संस्थेत भरणा केली. पावती क्र. ८७." सूचक म्हणून माझे नाव. एक शब्द इकडचा तिकडे नाही. दुसरा कोणी असता तर चार शब्द स्वतःच्या बाजूने घातले असते, निदान 'चर्चेअंती' एवढे तरी. त्यांनी ते केले नाही, आणि राजीनामाही दिला नाही. सोमवारी फलकावर नवी नोटीस होती, टाकी धुण्याची.

लाडवांचा डबा

मी २०१० साली निवृत्त झालो. पंधरा दिवस झाले असतील, नोटीसकाका दारात उभे. हातात फाइल. म्हणाले, "साहेब, आता तुम्ही मोकळे. अकराशे चाळीस रुपयांचा हिशेब ज्याला दिसतो त्याने सोसायटीचं बाकीचंही बघावं. खजिनदार व्हा." टोमणा होता की आमंत्रण, मला आजही नक्की सांगता येणार नाही. मी हो म्हटले.

तोपर्यंत सोसायटीला अकरा वर्षे झाली होती आणि जमीन अजून आपल्या नावावर नव्हती. बिल्डरच्या भागीदारांत वाद झालेला, एक भागीदार वारलेला, ऑफिसला कुलूप. सातबाऱ्यावर मूळ जमीनमालकाच्या वारसांची नावे. म्हणजे आपण अठ्ठेचाळीस कुटुंबे ज्या जमिनीवर राहत होतो तिच्यावर कागदोपत्री आपला हक्क पूर्ण झालेला नव्हता. उद्या इमारत पडली, किंवा पुनर्विकास करायचा झाला, तर आपल्या हातात काय? करारनामा आणि मेंटेनन्सच्या पावत्या.

अशा हजारो सोसायट्या राज्यात होत्या, म्हणून २००८ साली मोफात दुरुस्ती झाली आणि मानीव अभिहस्तांतरणाची, म्हणजेच डीम्ड कन्व्हेयन्सची वाट निघाली. बिल्डर येत नसेल तर सोसायटीने स्वतः सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकांकडे, अर्ज करायचा. ते सर्वांना नोटिसा काढतात, म्हणणे ऐकतात आणि हक्क शाबित झाला तर एकतर्फी प्रमाणपत्र देतात. मग मुद्रांक कार्यालय, मग दुय्यम निबंधकांकडे नोंदणी, मग फेरफार. ऐकायला चार पायऱ्या आहेत. चढायला आम्हाला चार वर्षे लागली.

अर्जाला काय काय लागते याची यादी आम्ही २०१२ साली आणली. सातबारा, बिगरशेती आदेश, मंजूर नकाशे, वास्तुविशारदाचा दाखला, सभासदांची यादी, आणि सभासदांचे नोंदणीकृत करारनामे इंडेक्स टूसह. मी शेवटची ओळ वाचली आणि डोक्याला हात लावला. दहा-पंधरा वर्षांत कितीतरी फ्लॅट विकले गेले होते. कोणाचे मूळ कागद गृहकर्जापोटी बँकेत, कोणाचे गावी, कोणाचे भावाभावांच्या वादात.

नोटीसकाका काही बोलले नाहीत. घरी गेले आणि पत्र्याचा एक मोठा डबा घेऊन आले. दिवाळीत लाडू ठेवतात तसला, झाकणावर कमळाचे चित्र असलेला. आत फ्लॅट नंबरप्रमाणे दोऱ्याने बांधलेले गठ्ठे. प्रत्येकात करारनामा आणि इंडेक्स टू. मी मोजले. अडतीस.

अडतीस करारनामे, प्रत्येकाची सरासरी तीस पाने, पानाला एक रुपया. अकराशे चाळीस.

बँकेत अडतीस वर्षे मी बॅलन्स जुळवला. एवढा तंतोतंत जुळलेला आणि एवढा लाजवणारा हिशेब दुसरा आठवत नाही. त्यांनीही तो माझ्या तोंडावर मारला नाही. फक्त म्हणाले, "दहा कमी आहेत. त्यांनी तेव्हा दिले नाहीत."

त्या दहांत माझाही फ्लॅट होता. २००३ मध्ये ते माझ्याकडे करारनामा मागायला आले होते आणि मी म्हणालो होतो, "माझे कागद मी कशाला देऊ?"

ते दहा गोळा करायला आम्हाला चौदा महिने लागले. एक जुने मालक नागपूरला होते, एक फ्लॅट दोनदा विकला गेलेला. एका करारनाम्याची नक्कल नोंदणी कार्यालयातून अर्ज करून काढावी लागली. अडतीस आधीच हातात नसते तर किती वर्षे गेली असती त्याचा हिशेब मी करत नाही. २०१४ साली आदेश झाला, २०१५ मध्ये दस्त नोंदला गेला, आणि २०१६ च्या फेब्रुवारीत सातबाऱ्यावर आपल्या सोसायटीचे नाव चढले. तो उतारा फ्रेम करून ऑफिसात लावला आहे. येता-जाता दिसतो, म्हणून कोणी बघत नाही.

नोटीसकाका त्याच्या पुढच्या वर्षी गेले. त्यांच्या हयातीत मी त्यांची माफी मागितली का? चहा पाजला, स्कूटरवरून कल्याणला नेले-आणले, सुनावणीच्या दिवशी त्यांची पिशवी धरली. पण भर सभेत जे बोललो होतो ते भर सभेत मागे घेतले नाही. प्रत्येक वर्षी वाटायचे, पुढच्या सभेत. विषयपत्रिकेत बसत नव्हते, असे मी स्वतःला सांगत राहिलो.

अकरा खुर्च्या

हे सगळे जुने उकरून काढण्याचे कारण जुने नाही, या वर्षाचे आहे.

कमिटीची मुदत संपत आली आहे. शंभरपर्यंत सभासद असलेल्या आपल्यासारख्या सोसायटीच्या कमिटीत अकरा जागा असतात, त्यात महिलांच्या दोन आणि इतर राखीव जागा धरून. गेल्या महिन्यात अध्यक्षांनी तोंडी विचारणा केली. चार जण तयार झाले. त्यातले तीन सत्तरीच्या पुढचे, आणि चौथ्या ताई, त्या तीन कमिट्या करून थकलेल्या. कमिटी बनलीच नाही तर निबंधक कार्यालयाकडून प्रशासक नेमला जाऊ शकतो. त्याचे मानधन आपल्याच मेंटेनन्समधून जाते आणि पंप कोणत्या वेळी लावायचा हे आपल्याला त्याला विचारावे लागते. गावदेवीच्या मंडळींनी ज्यासाठी सोसायटी काढली ते, म्हणजे आपला कारभार आपण करणे, तिथेच संपते.

कोणी का येत नाही? तरुण मंडळी म्हणतात, वेळ नाही. पहाटेच्या सहा अठराला निघून रात्री नऊला येणाऱ्याला वेळ नाही हे मला मान्य आहे. पण कोरोनात, २०२० च्या त्या उन्हाळ्यात, ह्याच मुलांनी आळीपाळीने गेटवर उभे राहून दूध, भाजी आणि औषधे वर पोहोचवली. आम्हा म्हाताऱ्यांना खाली पाय ठेवू दिला नाही. म्हणजे काम करण्याची तयारी आहे.

सहा वह्या वाचल्यावर मला वाटते, अडचण वेळेची कमी आणि ३ ऑगस्ट २००३ सारख्या सकाळींची जास्त आहे. माझ्यासारखे 'साहेब' प्रत्येक सभेत एकदोन असतातच. वह्यांत त्यानंतरही असे प्रसंग आहेत. एका ताईंना रंगकामाच्या कोटेशनवरून काय काय ऐकावे लागले ते मी पाहिले आहे, आणि त्या वेळी गप्प बसलेल्यांत मी होतो. आता तर समोर उभे राहून बोलायचीही गरज नाही, रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप ग्रुपवर चार ओळी टाकल्या की झाले. बिनपगारी माणूस एकदा ऐकून घेतो, दोनदा ऐकून घेतो. तिसऱ्यांदा तो फॉर्मच भरत नाही.

याचा अर्थ हिशेब विचारू नका असा कोणी काढू नये. जन्मभर ज्याने व्हाउचर तपासली तो असे सांगणार नाही. हिशेब विचारलाच पाहिजे. आपली इमारत आता सत्तावीस वर्षांची आहे, दर पाच वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट आहे, तीस वर्षांनंतर ते दर तीन वर्षांनी करावे लागेल. पुनर्विकासाच्या गोष्टी जिन्यात सुरू झाल्याच आहेत. पुढच्या दहा वर्षांत या सोसायटीत जेवढे पैसे आणि कागद फिरतील तेवढे गेल्या पंचवीस वर्षांत फिरले नसतील. अशा वेळी विचारणारे जास्त लागतील. पण सभेच्या आधी जाऊन व्हाउचर बघा. काय खर्च झाला, का झाला ते त्या माणसाला घरी जाऊन विचारा. ठराव नसेल तर "ठराव करून घेऊ या" असे म्हणा. मी त्या दिवशी एवढेच म्हणालो असतो तर अकराशे चाळीस रुपये मंजूर झाले असते, नियमही पाळला गेला असता, आणि एका सज्जन माणसाला खाली मान घालून स्वतःविरुद्धचे इतिवृत्त लिहावे लागले नसते. आणि खरोखरच गैर आढळले तर तेव्हा भर सभेत जरूर बोला. तेव्हा मी तुमच्या मागे उभा राहीन.

नव्या कमिटीसाठी फॉर्म ऑफिसात ठेवले आहेत. काही येत नसले तरी चालेल, मलाही येत नव्हते. वह्या वाचा, सगळे लिहिलेले आहे. आम्ही म्हातारे दुपारी घरीच असतो, बँकेत, उपनिबंधक कार्यालयात जायचे असेल तर आम्हाला पाठवा. सही तुमची लागेल, पायपीट आम्ही करू.

शेवटी एक विनंती. लेख लिहून झाल्यावर मी ए विंगमध्ये काकूंकडे गेलो, त्यांच्या यजमानांबद्दल असे लिहिले तर चालेल का ते विचारायला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाल्या, "लिहा की. ह्यांना राग नव्हता हो. त्या दिवशी घरी आले आणि म्हणाले, हा माणूस हिशेबाला पक्का आहे, कमिटीत आणला पाहिजे." मग आत जाऊन रिकामा डबा घेऊन आल्या. "हा सोसायटीत ठेवा. माळ्यावर उगाच जागा अडवतोय."

डबा ऑफिसात ठेवला आहे, अठ्ठेचाळीस गठ्ठ्यांसह. माझ्यासकट.

तेव्हा येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर पुढील विषय घ्यावा ही माननीय अध्यक्षांना विनंती: "दि. ३ ऑगस्ट २००३ च्या सभेतील विषय क्र. ४ अन्वये नामंजूर केलेला झेरॉक्स खर्च रु. १,१४० यास मंजुरी देणे व सदर रक्कम तत्कालीन सेक्रेटरी यांच्या कुटुंबीयांस सन्मानपूर्वक परत करणे." सूचक मीच आहे, तेव्हाही मीच होतो.

अनुमोदक पाहिजे. आणि त्यानंतर सात फॉर्म.